ऊर्जाकेंद्रातील बिघाड आणि आईकडचा वारसा

माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन विधाने हटकून भेटतात. पहिले पेशीच्या प्रकरणात असते : तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे. दुसरे आनुवंशिकतेच्या प्रकरणात असते : अपत्याला निम्मी गुणसूत्रे आईकडून आणि निम्मी वडिलांकडून मिळतात. दोन्ही विधाने बरोबर आहेत. परीक्षेत ती वेगवेगळ्या प्रश्नांत येतात आणि विद्यार्थीही ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

शास्त्रज्ञांच्याही मनात तो बराच काळ आला नव्हता. हा संबंध जुळवून दाखवला तो आजारी माणसांनी. अंगाला अचानक झटके येणारी मुले, विशी-तिशीतच पक्षाघातासारखा आघात झालेले तरुण, डोळ्यांची हालचाल थांबलेले, चालताना तोल जाणारे, दोन जिने चढून गळून जाणारे रुग्ण निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांत येत होते. त्यांच्या आजारांना निरनिराळी नावे दिली जात होती. या सगळ्यांचे मूळ तंतुकणिकेत आहे आणि त्यांपैकी अनेकांत ते फक्त आईकडून येते, हे सिद्ध व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. हे कसे घडले, त्याची ही हकिकत आहे.

नाव आधी, काम नंतर

स्नायूंच्या पेशींत ओळीने मांडलेले बारीक कण स्विस शरीररचनातज्ज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांनी १८५७ मध्येच पाहिले होते. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान यांनी तसे कण अनेक प्रकारच्या पेशींत दाखवले. ते पेशीच्या आत राहणारे स्वतंत्र, सूक्ष्म जीव असावेत, असे त्यांचे मत होते. त्या काळी ते कोणाला पटले नाही. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी या कणांना मायटोकाँड्रिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रियन म्हणजे लहान कण. आपल्या पुस्तकांतील तंतुकणिका हा शब्द त्याचेच नेमके मराठी रूप आहे.

नाव मिळाले, पण काम कळायला आणखी पन्नास वर्षे गेली. १९४८च्या सुमारास अमेरिकेत यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी उंदराच्या यकृतातील तंतुकणिका वेगळ्या काढल्या आणि अन्नघटकांचे ऑक्सिडीकरण तेथे होते, हे दाखवले. या क्रियेत मोकळी होणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपाने साठवली जाते आणि पेशी तो रेणू लागेल तसा खर्च करते. १९५७ मध्ये फिलिप सीकेविट्झ यांनी एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात तंतुकणिकेला पेशीचे वीजघर म्हटले होते. ही उपमा तेथून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पसरली.

एवढ्या महत्त्वाच्या ठिकाणी बिघाड झाला, तर काय होईल? त्या वेळचे सर्वसाधारण मत असे होते की असा बिघाड असलेला जीव जन्मालाच येणार नाही. मग रोग दिसणार कोठून?

स्टॉकहोममधील एक स्त्री

या मताला पहिला छेद गेला तो स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ लुफ्त नावाचे अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ होते. त्यांच्याकडे एक स्त्री उपचारासाठी येत असे. वयाच्या सातव्या वर्षापासून तिला विलक्षण घाम येई. ती भरपूर जेवे, सतत पाणी पिई, तरी अंगावर मांस धरत नसे. अशक्तपणा कायमचा. विश्रांतीच्या अवस्थेत तिच्या चयापचयाचा वेग सामान्य माणसाच्या दुपटीहूनही जास्त भरला.

अशी लक्षणे दिसली की डॉक्टरांचे लक्ष प्रथम गळ्यातील थायरॉइड ग्रंथीकडे जाते, कारण चयापचयाचा वेग ती ग्रंथी ठरवते. या स्त्रीच्या ग्रंथीचा मोठा भाग शस्त्रक्रिया करून काढलाही होता, पण काही उपयोग झाला नाही. ग्रंथीच्या तपासण्या तर दोष दाखवतच नव्हत्या.

लुफ्त यांनी मग वेगळा विचार केला. वेग ठरवणारी ग्रंथी ठीक असेल, तर दोष प्रत्यक्ष जेथे इंधन जळते तेथेच असला पाहिजे. त्यांनी स्टॉकहोममधील जीवरसायनशास्त्रज्ञ लार्स अर्न्स्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे तज्ज्ञ ब्यॉर्न आफ्झेलियस यांची मदत घेतली. रुग्णाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून त्यातील तंतुकणिका तपासल्या. त्या संख्येने जास्त होत्या आणि आकाराने वेड्यावाकड्या. त्यांच्या कामाचा दोषही सापडला. निरोगी तंतुकणिका एटीपीची गरज असेल तेव्हाच जोराने ऑक्सिजन वापरते. गरज संपली की वेग आपोआप कमी होतो. या स्त्रीच्या तंतुकणिकांत हा लगामच नव्हता. बस थांब्यावर उभी आहे आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला आहे, अशी ती अवस्था होती. इंधन जळत होते आणि त्याची उष्णता होऊन घामावाटे जात होती.

हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाचे निरीक्षण, जीवरसायन आणि सूक्ष्मदर्शीतील चित्र अशा तिन्ही बाजूंनी एका पेशी-अंगकाचा रोग सिद्ध होण्याची ही पहिली वेळ. गंमत अशी की हा रोग अत्यंत दुर्मीळ निघाला. १९७०च्या दशकात दुसरी एक रुग्ण आढळली, पण त्यापुढे यादी फारशी वाढली नाही. तरीही वैद्यकात एक नवे दार उघडले ते या एका रुग्णामुळे.

लाल कडांचे तंतू

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेत किंग एंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्नायूच्या कापांना रंग देण्याची एक जुनी पद्धत सुधारली. या रंगात स्नायूतंतू निळसर-हिरवे दिसतात आणि तंतुकणिका लाल. काही रुग्णांच्या कापांत अधूनमधून असे तंतू दिसू लागले की ज्यांच्या कडेला लाल रंगाचे पुंजके साचले आहेत आणि कड फाटल्यासारखी झाली आहे. पेशीला ऊर्जा कमी पडू लागली की ती आणखी तंतुकणिका तयार करते. त्याही सदोष असल्याने तूट भरून निघत नाही, नुसती गर्दी वाढते. हीच ती लाल कड.

आता डॉक्टरांच्या हाती एक खूण आली होती. जुन्या नोंदी नव्या नजरेने पाहिल्या जाऊ लागल्या. १९५८ मध्ये टॉमस कर्न्स आणि जॉर्ज सेअर यांनी डोळ्यांची हालचाल थांबणे, दृष्टिपटल खराब होणे आणि हृदयाचे ठोके अडखळणे, असा तिहेरी आजार वर्णिला होता. तशा रुग्णांच्या स्नायूंतही लाल तंतू निघाले. १९८० मध्ये जपानमधील फुकुहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगाला झटके, अपस्मार, तोल जाणे आणि लाल तंतू असा एक गट वेगळा मांडला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो मर्फ म्हणून ओळखला जातो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी आणखी एक गट मांडला. त्यात कमी वयात पक्षाघातासारखे आघात होतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. त्याचे नाव मेलास. या आजारांत मेंदू आणि स्नायू या दोहोंवर परिणाम होतो, हे ध्यानात घेऊन १९७७ मध्ये येहुदा शापिरा व सहकाऱ्यांनी या सर्वांसाठी मेंदू व स्नायूंचे तंतुकणिकाजन्य विकार अशा अर्थाचे एक सामाईक नाव सुचवले होते.

एक रोग मात्र या खुणेने सापडत नव्हता. लंडनचे डेनिस ली यांनी १९५१ मध्ये सात महिन्यांच्या एका मृत बालकाच्या मेंदूची तपासणी करून त्याचे वर्णन केले होते. मेंदूच्या तळाकडील भागांत दोन्ही बाजूंना सारख्याच जागी पेशी नष्ट झालेल्या होत्या. बी१ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावात मेंदूची जी हानी होते, तिच्याशी त्याचे बरेच साम्य होते. बी१ जीवनसत्त्व अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत लागते. म्हणजे येथेही बोट ऊर्जेकडेच जात होते. पण ही मुले अन्नाला वंचित नव्हती.

एव्हाना रोग कोठे आहे हे कळत होते. तो का होतो आणि काही घराण्यांत पुन्हापुन्हा का येतो, हे कळत नव्हते.

केंद्रकाबाहेरचा डीएनए

येथे आपल्याला पेशींच्या प्रयोगशाळेकडे वळावे लागेल. लुफ्त यांचा शोध प्रसिद्ध झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये आणि त्याच स्टॉकहोम शहरात, मार्गिट नास आणि सिल्व्हन नास हे दांपत्य कोंबडीच्या गर्भातील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहत होते. त्यांना तंतुकणिकांच्या आत बारीक धागे दिसले. डीएनए नष्ट करणारे विकर घातले की ते धागे नाहीसे होत. म्हणजे ते धागे डीएनएचेच होते. १९६४ मध्ये व्हिएन्नात गॉटफ्रीड शाट्झ आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या तंतुकणिकांतही डीएनए असल्याचे रासायनिक पुराव्याने दाखवले. आल्टमान यांची जुनी कल्पना पुन्हा जिवंत झाली. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी सविस्तर मांडणी केली की फार प्राचीन काळी एका पेशीने दुसऱ्या जीवाणूला आत घेतले आणि तो तेथेच वस्तीला राहिला. त्याचा वंश म्हणजे आजच्या तंतुकणिका. स्वतःचा डीएनए ही त्याच्या स्वतंत्र संसाराची उरलेली खूण.

हा डीएनए पुढच्या पिढीत जातो कसा? १९७४ मध्ये अमेरिकेत क्लाइड हचिसन आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर घोडा आणि गाढव यांच्या संकरातून काढले. वर्गात सांगण्याजोगा हा प्रयोग आहे. घोडी आई आणि गाढव बाप असेल, तर खेचर जन्मते. उलट गाढवीण आई आणि घोडा बाप असेही संकरित पिल्लू होते. दोघांच्याही केंद्रकांत घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रे असतात. डीएनएला ठरावीक ठिकाणी कापणारी विकरे वापरून तंतुकणिकेतील डीएनएचे तुकडे तपासले, तेव्हा पहिल्या संकरात तो घोड्याचा निघाला आणि दुसऱ्यात गाढवाचा. म्हणजे दोन्ही वेळा आईचाच. १९८० मध्ये माणसातही हेच खरे असल्याचे डग्लस वॉलेस यांच्या गटाने दाखवले.

कारण समजायला कठीण नाही. मानवी अंडपेशीत या डीएनएच्या एक लाखाहून अधिक प्रती असतात. शुक्रपेशीत त्या फारच थोड्या. फलन झाल्यावर शुक्रपेशीसोबत आलेल्या तंतुकणिका अंडपेशी नष्ट करून टाकते. मुलगा असो वा मुलगी, तंतुकणिका येतात आईच्या. पुढे मुलगी त्या आपल्या मुलांना देते आणि मुलाकडे तो वारसा थांबतो.

१९८१ मध्ये केंब्रिजमधील फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. केंद्रकात सुमारे ३०० कोटी जोड्या असतात, येथे अवघ्या १६,५६९. त्यांत ३७ जनुके आहेत. १३ जनुके श्वसन-शृंखलेतील प्रथिनांसाठी आणि उरलेली २४ ती प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेसाठी. एवढा छोटा, पूर्ण वाचलेला डीएनए हातात असल्यावर त्यात रोगाचे मूळ शोधणे शक्य झाले.

१९८८ : दोन शहरे, एक उत्तर

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील इयन होल्ट, अनिता हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूंच्या तंतुकणिकाजन्य विकारांचे २५ रुग्ण तपासले. त्यांपैकी ९ जणांच्या स्नायूंत तंतुकणिकेच्या डीएनएचा मोठा तुकडाच गळालेला होता. रक्त तपासले असता मात्र ते निर्दोष. हा निष्कर्ष १९८८च्या आरंभी प्रसिद्ध झाला. तंतुकणिकेतील डीएनएचा दोष आणि मानवी रोग यांचा हा पहिला थेट पुरावा. अनिता हार्डिंग या तोल जाण्याच्या आनुवंशिक रोगांवरील जगन्मान्य तज्ज्ञ होत्या. १९९५ मध्ये, ऐन बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी अमेरिकेत अटलांटा येथे वॉलेस यांच्या गटाने दुसरी बाजू पूर्ण केली. त्यांनी निवडला डोळ्यांचा एक जुना रोग. १८७१ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ टेओडोर लेबर यांनी त्याचे वर्णन केले होते. यात तरुण वयात, विशेषतः मुलग्यांत, नेत्रचेता निकामी होऊन दृष्टी जाते. मेंडेलच्या नियमांत हा रोग बसत नव्हता, कारण बाधित पुरुषांची मुले निरोगी राहत आणि रोग फक्त स्त्रियांच्या वाटेने पुढे जाई. १९३६ मध्येच इमाई आणि मोरिवाकी या जपानी संशोधकांनी सुचवले होते की हा वारसा केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवातून जात असावा. तेव्हा तेथे डीएनए आहे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे ती सूचना तशीच राहिली. वॉलेस यांच्या गटाला या रुग्णांच्या तंतुकणिकेत ११,७७८ या स्थानावर एक अक्षर बदललेले सापडले. बावन्न वर्षांपूर्वीची सूचना बरोबर ठरली.

मग दोन वर्षांत धडाधड उत्तरे आली. १९९० मध्ये मर्फचे कारण ८,३४४ या स्थानी सापडले. त्याच वर्षी जपानमध्ये गोटो, नोनाका आणि होराई यांना मेलासचे कारण ३,२४३ या स्थानी सापडले. होल्ट आणि हार्डिंग यांनी ८,९९३ या स्थानावरचा दोष शोधला आणि १९९२ मध्ये हाच दोष ली यांच्या रोगातही आढळला.

हरभरे आणि वाटाणे

येथे विद्यार्थी एक चांगली शंका विचारतील. एकाच आईची सगळी मुले तिच्याच तंतुकणिका घेतात, तर एक मूल गंभीर आजारी, दुसरे किंचित अशक्त आणि तिसरे ठणठणीत, असे का?

याचे उत्तर वर्गात करून दाखवता येते. एका पिशवीत ५० हरभरे आणि ५० पांढरे वाटाणे मिसळा. हरभरा म्हणजे निर्दोष डीएनए आणि वाटाणा म्हणजे सदोष. प्रत्येक विद्यार्थ्याने डोळे मिटून १० दाणे काढावेत, मोजावेत आणि परत टाकावेत. कोणाच्या हाती ३ वाटाणे येतील, कोणाच्या ८. सगळे दाणे एकाच पिशवीतले, तरी वाटे सारखे नाहीत. आईच्या शरीरात अंडपेशी तयार होताना असेच घडते. तिच्या पेशींत दोन्ही प्रकारच्या प्रती मिसळलेल्या असतात. अंडपेशीच्या पूर्वज पेशीत त्यांतील थोड्याच पोहोचतात आणि पुढे त्यांचीच संख्या वाढते. म्हणून एका अंडपेशीत सदोष प्रती ३० टक्के, तर दुसरीत ८० टक्के.

पुढे प्रश्न येतो मर्यादेचा. थोड्या सदोष प्रती असतील, तर निर्दोष प्रती काम भागवतात. ८,९९३च्या दोषात सदोष प्रती सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असतील, तर माणूस सहसा निरोगी असतो. ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान चेता दुर्बल होणे, तोल जाणे, दृष्टी मंदावणे सुरू होते. ९० टक्क्यांच्या वर गेल्यास बालपणीच ली यांचा रोग होतो. बदललेले अक्षर एकच, पण प्रमाणाप्रमाणे रोग वेगळा. आधीच्या डॉक्टरांनी एकाच घरातील आजारांना निरनिराळी नावे दिली, यात नवल नाही.

मेंदू आणि स्नायूच प्रामुख्याने का बिघडतात, हेही आता सांगता येईल. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो. स्नायूंचा खर्चही मोठा. वीज कमी पडली की ज्या कारखान्याला जास्त वीज लागते तो आधी बंद पडतो, तसे हे आहे. शिवाय चेतापेशी आणि स्नायूतंतू सहसा विभागत नाहीत. रक्तपेशी सतत नव्याने बनतात आणि त्यात सदोष पेशी मागे पडू शकतात. मेंदूत ही सोय नाही. म्हणूनच काही दोष रक्तात जवळपास दिसत नाहीत आणि स्नायूत भरपूर आढळतात. रक्त तपासून रोग नाही असे सांगणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

नियम पुन्हा अपुरा पडतो

१९८८ नंतर एक नवे विधान रूढ होऊ लागले : तंतुकणिकेचा रोग म्हणजे आईकडून येणारा रोग. हेही अपुरे निघाले.

तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. तिच्या स्वतःच्या डीएनएतून त्यांपैकी फक्त १३ बनतात. उरलेल्या सर्वांची जनुके केंद्रकात, म्हणजे आपल्या नेहमीच्या गुणसूत्रांवर आहेत. तेव्हा तेथील दोषानेही हाच रोग व्हायला हवा. १९९५ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी ली यांचा रोग असलेल्या दोन सख्ख्या बहिणींत केंद्रकातील एका जनुकाचा दोष दाखवून दिला. हा दोष मेंडेलच्या अप्रभावी लक्षणाप्रमाणे आई आणि वडील या दोघांकडून आला होता. आज असा रोग घडवणारी केंद्रकातील ३००हून अधिक जनुके माहीत आहेत आणि लहान मुलांमधील बहुतेक तंतुकणिकाजन्य रोग याच प्रकारचे असतात. होल्ट आणि हार्डिंग यांना १९८८ मध्ये सापडलेले गळालेले तुकडेही बहुधा कोणाकडूनच आलेले नसतात. ते त्या व्यक्तीत नव्याने घडतात.

आईकडूनच येणाऱ्या डीएनएच्या नियमालाही एक अपवाद भेटला. २००२ मध्ये डेन्मार्कमधील श्वार्ट्झ आणि व्हिसिंग यांनी व्यायाम सहन न होणाऱ्या एका तरुणाची नोंद केली. त्याच्या स्नायूंतील तंतुकणिकांचा डीएनए बहुतांशी वडिलांकडचा होता. अशी उदाहरणे इतकी विरळ आहेत की नियम मोडीत निघाला असे कोणी म्हणत नाही. पण नियमाला अपवाद असू शकतो, याची आठवण त्यातून राहते.

उपाय कोठवर आले

हे सर्व प्रकार एकत्र धरले, तर सुमारे ५,००० माणसांत एकाला असा रोग असतो, असा अंदाज आहे. बहुतेक प्रकारांत रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. अपस्मार, मधुमेह, हृदयाचे ठोके यांवर उपचार करून आयुष्य सुसह्य करता येते. नेमके निदान झाले की काही धोके टळतात. उदाहरणार्थ, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट हे एरवी उपयोगी असलेले औषध तंतुकणिकेचा डीएनए घडवणाऱ्या विकराचा दोष असलेल्या रुग्णाच्या यकृताला घातक ठरू शकते.

वारसाच थांबवता येईल का, या प्रश्नाला इंग्लंडमध्ये एक उत्तर मिळाले आहे. आईच्या अंडपेशीचे केंद्रक वडिलांच्या केंद्रकासह काढून दुसऱ्या निरोगी स्त्रीने दिलेल्या, केंद्रक काढून टाकलेल्या फलित अंडपेशीत बसवायचे, ही ती पद्धत. गुणसूत्रे आईवडिलांची आणि तंतुकणिका दुसऱ्या स्त्रीच्या. यावर बराच वाद झाला. तीन पालकांचे मूल, भावी पिढ्यांत कायमचा बदल, असे आक्षेप घेतले गेले. अखेर ३ फेब्रुवारी २०१५ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ३८२ विरुद्ध १२८ मतांनी परवानगी दिली. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी जाहीर केले की या पद्धतीने सात स्त्रियांना आठ बालके झाली असून ती निरोगी आहेत. काही बालकांत आईच्या सदोष डीएनएचा थोडा अंश आढळला. तो पुढे वाढतो की नाही, हे पाहण्यासाठी त्यांच्यावर बरीच वर्षे लक्ष ठेवले जाईल.

वर्गात शिकवताना

हा इतिहास वर्गात सांगताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागेल. आईकडून येणारा रोग हे शब्द जीवशास्त्रात एका पेशी-अंगकाचा मार्ग सांगतात. घरात गेल्यावर त्यांचा अर्थ बदलू शकतो. आपल्याकडे मूल आजारी जन्मले की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्याची सवय जुनी आहे आणि तिला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे कोणाला वाटू शकते.

म्हणून हरभरे आणि वाटाण्यांचा प्रयोग संपल्यावर विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा : कोणते दाणे मुठीत येतील, हे काढणाऱ्याने ठरवले होते का? आईला तिच्या तंतुकणिका तिच्या आईकडून मिळाल्या. त्यांत दोष आहे हे तिला बहुधा ठाऊक नसते, कारण ती स्वतः अनेकदा निरोगी असते. कोणत्या अंडपेशीत किती सदोष प्रती जातील, हे तिच्या हाती नसते. आणि मुलांच्या बहुसंख्य तंतुकणिकाजन्य रोगांत दोष आईवडील दोघांकडून आलेला असतो, हे तर आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. पाच हजारांत एक म्हणजे पुष्कळ वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या समोरून असे एखादे मूल गेले असण्याचा संभव आहे. ते कवायतीत लवकर थकणारे, पापण्या अर्ध्या मिटलेले, अक्षर बिघडत चाललेले, पूर्वी येणारे आता विसरू लागलेले मूल असेल. आळशी हा शेरा मारणे सोपे असते. स्टॉकहोमच्या त्या स्त्रीलाही सातव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत वाट पाहावी लागली. तिची तक्रार खरी मानून, प्रचलित उत्तर लागू पडत नाही म्हटल्यावर पुढे शोधत राहणारा एक डॉक्टर तिला तेव्हा भेटला. पुस्तकातील दोन प्रकरणे जोडली जाण्यास तेथून सुरुवात झाली.